एडिंबऱ्याच्या वाटेवरच्या ओव्या

"निळी गं मोटार, शंभर तिचा आकडा,
सांगते बंधुराया, रस्ता जातोया वाकडा."

पंधरा वर्षं झाली, तरी हा आवाज कानात अगदी ताजा आहे. एडिंबरा विमानतळाच्या दारात, बोचऱ्या वाऱ्यात तान्हूमावशी उभी होती. अंगावर हिरवं नऊवारी लुगडं, वर माझ्या नवऱ्याचं जर्किन, पायांत नवे कोरे पांढरे बूट. समोरून शंभर नंबरची निळी बस खरोखरच वळण घेऊन येत होती. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकावर दोन शून्यं तिनं लांबूनच ओळखली आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"बाई, ही बघा. म्हनलं व्हतं तशीच आली."

जणू तिच्या ओवीनंच ती बस तिथं बोलावून घेतली होती.

मी तेव्हा अकोले तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवत होते. तान्हूबाई वाकचौरे त्याच गावची, साठीला टेकलेली. जात्यावर बसली की तिच्या तोंडून ओवीमागून ओवी निघायची, जशी जात्याच्या कडेनं पिठाची धार. पुण्याहून कुणी अभ्यासक येऊन तिचा आवाज टेप करून गेला आणि दोन वर्षांनी स्कॉटलंडमधून पत्र आलं. ऑगस्टात एडिंबऱ्याला बायकांच्या कष्टाच्या गाण्यांचा एक छोटा मेळा भरणार होता. तिकडच्या कोळणी येणार होत्या, लोकर पिंजणाऱ्या बाया येणार होत्या. तान्हूबाईंनी यावं, जातं घेऊन यावं, सोबत इंग्रजी जाणणारं कुणीतरी आणावं. कुणीतरी म्हणजे मी. मी आयुष्यात नाशिकच्या पुढं गेले नव्हते.

पत्रासोबत चार पानांचं माहितीपत्रक होतं. ते मिसेस गेडीस नावाच्या बाईंनी लिहिलं होतं आणि आम्ही उतरणार होतो तेही त्यांच्याच घरी. किती बारकाईनं लिहिलं होतं ते. विमानतळावरून कुठली बस, बसला हात कसा दाखवायचा, नाणी मोजूनच आणा कारण ड्रायव्हर सुट्टे परत देत नाही, उतरताना त्याला थँक्यू म्हणा. गरम पाण्याचा नळ वेगळा आणि थंडचा वेगळा, मधलं कोमट पाणी बेसिनमध्ये तुमचं तुम्हीच करा. रविवार सोडून रोज दुपारी एक वाजता किल्ल्यावरून तोफ उडते, घाबरू नका. स्टेशनशेजारच्या हॉटेलचं मोठं घड्याळ तीन मिनिटं पुढं असतं, लोकांची गाडी चुकू नये म्हणून. त्यावर विसंबू नका. छत्रीपेक्षा टोपीचं जर्किन बरं, इथला वारा छत्री ठेवत नाही.

मी रोज संध्याकाळी शाळेतून येताना मावशीच्या ओट्यावर बसून त्यातलं अर्धं पान मराठीत सांगायचे. ती ऐकून घ्यायची. दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या घरातून घरघर सुरू व्हायची आणि त्या अर्ध्या पानाच्या चार ओव्या झालेल्या असायच्या. गावातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. म्हातारी विलायतेचा रस्ता दळतीय, म्हणायच्या. सगळ्या ओव्या बंधुरायाला उद्देशून. मी एकदा विचारलं की जायचंय तुम्हाला आणि मला, मग वाट भावाला का सांगायची. ती म्हणाली, ओवी कुणाला तरी सांगावी लागते, भिंतीला सांगून कशी चालेल.

"उताराचा रस्ता, त्याच्या टोकाला गं पाणी,
हात दाव मोटारीला, मुठीत ठेव नाणी."

आणि अशी ती चारही पानं पाठ करून, मुठीत नाणी धरून मावशी एडिंबऱ्यात उतरली होती. फक्त जातं आमच्याबरोबर नव्हतं.

ते मुंबईच्या विमानतळावर राहिलं. जातं तसं लहान, पण दगडच तो. काउंटरवरच्या मुलीनं वजन बघितलं आणि मान हलवली. मावशी लांब बाकावर बसून सरकत्या जिन्याकडं डोळे विस्फारून बघत होती. मी एकटीनं ठरवलं. बाहेर आम्हाला सोडायला आलेला माझा मामा थांबला होता, त्याच्या हवाली जातं केलं आणि पार्ल्याला घरी घेऊन जा म्हणाले. मावशीला सांगितलं, जातं विमानाच्या पोटात गेलं. मला वाटलं होतं, गाणं गळ्यात असतं. जातं म्हणजे रंगमंचावर मांडायची शोभेची वस्तू, आणि शोभा काय, तिथं कुणीतरी काहीतरी देईलच. बी.एड. झालेल्या बाईला असंच वाटणार.

एडिंबऱ्याला सामानाच्या पट्ट्यावर जातं आलं नाही, तेव्हा मी दुसरं खोटं बोलले. मागच्या विमानानं येईल, म्हणाले. मावशीनं मान डोलावली. तिचा माझ्यावर पूर्ण विश्वास होता.

तो पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या काचेपाशी आम्ही बसलो आणि शहर आमच्या अंगावर येत राहिलं. काळ्या पडलेल्या दगडांची उंच घरं, त्यांच्यावर धुराड्यांच्या रांगा आणि सगळ्यांच्या वर कड्यावर बसलेला किल्ला. आपल्या हरिश्चंद्रगडाच्या कड्यावर कुणी वाडा बांधला असता तर असा दिसला असता, असं मावशीचं मत पडलं. मोठा रस्ता ट्रामचे रूळ टाकायला खणून ठेवला होता. तो बघून तिला फार बरं वाटलं. हितं बी रस्ते उकरून ठिवत्यात का, म्हणून तिनं मला दोनदा विचारून घेतलं. उतरताना ती ड्रायव्हरपाशी थांबली, दोन्ही हात जोडले आणि "येते बाबा" म्हणाली. त्यानंही मान लववून काहीतरी म्हटलं. मागची माणसं शांतपणे थांबली होती.

मिसेस गेडीस सत्तरीच्या, उंच, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांचं घर लीथ नावाच्या बंदराकडच्या भागात, एका चिंचोळ्या दगडी जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर होतं. कार्यक्रमाचा हॉल तिथून दोन गल्ल्या पलीकडं. मावशीनं घरात पाऊल टाकताच दोन्ही नळ सोडून बघितले आणि पत्रकात लिहिलं होतं तसंच आहे याची खात्री करून घेतली. गेडीसबाईंना ते इतकं आवडलं की त्यांनी तिला मिठी मारली. जेवताना त्यांनी माझ्यामार्फत विचारलं, टेपवर ऐकलेल्या गाण्यांतल्या या भावाचं काय चाललंय. मावशी म्हणाली, तो लई लांब असतो. आणि लगेच बटाट्याकडं वळली.

शुक्रवारी तिनं जात्याचं तीनदा विचारलं. मी तीनदा उद्या म्हणाले. शनिवारी, म्हणजे कार्यक्रमाच्या दिवशी, सकाळी ती उठून पलंगावर बसून राहिली. जर्किन घातलं नाही, बूट घातले नाहीत. खिडकीतून दिसणाऱ्या समुद्राकडं बघत होती.

"जातं न्हाई आलं ना, बाई?"

मी म्हणाले, नाही आलं. पण मावशी, तुम्हाला तर सगळ्या ओव्या पाठ आहेत.

"पाठ न्हाईत. हात फिरला का येत्यात. हात न्हाई फिरला तर मला माझं नाव बी आठवत न्हाई. तुमी त्या बाईला सांगा, म्हातारी आजारी हाय."

तीन वाजता कार्यक्रम होता. हॉलच्या दारावर तिचं नाव आणि पिठानं माखलेल्या हातांचा मोठा फोटो लागला होता. मी चहाला दूध आणायच्या निमित्तानं खाली गेले आणि पत्रक पुन्हा चाळायला लागले, जणू असल्या प्रसंगावरचा उपायही गेडीसबाईंनी कुठंतरी लिहिला असेल. शेवटच्या पानावर होतं: वस्तुसंग्रहालयाला तिकीट नाही. तळघरातल्या दालनात जुनी अवजारं, भांडी, जाती.

जाती. मी तो शब्द दोनदा वाचला. मग जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर गेले.

बारा वाजून गेले होते. बावीस नंबरची बस शहरात आली खरी, पण खणलेल्या रस्त्यामुळं तिनं आम्हाला अलीकडंच उतरवलं. तिथून पायी. आगगाडीच्या स्टेशनावरून जाणारा लांबलचक पूल आहे, त्यावर वारा असा की मावशीचं लुगडं शिडासारखं फुगलं. खाली गाड्या, वर समुद्रपक्षी, समोर गर्दी. कुणी तोंडाला रंग फासून जाहिराती वाटतंय, कुणी बॅगपाइप वाजवतंय. मावशी सगळ्यांकडून कागद घेत होती आणि प्रत्येकाला बरं का बाबा, म्हणत होती. हॉटेलच्या घड्याळात एक वाजलेला दिसला आणि मी धावायलाच लागले, तर तिनं मागून ओढलं.

"ते पुढं असतंय. अजून तोफ कुठं झाली?"

आणि खरंच, तीन मिनिटांनी तोफ उडाली. पुलावरची अर्धी माणसं दचकली. एका लहान मुलीनं कान झाकले. मावशी तेवढी ताठ उभी होती, तोंडभर हसत. सकाळपासून पहिल्यांदा हसली. तिथंच, त्या वाऱ्यात, मला सांगून टाकायला हवं होतं. पण ती हसत होती आणि मला ते हसू मोडवेना.

संग्रहालयाच्या तळघरात गार, मंद उजेड होता. आम्ही हाडांच्या सुया, तांब्याची कडी, मोडकी मडकी ओलांडत गेलो आणि एका काचेमागं ते दिसलं. दोन गोल दगड, एकावर एक. मधे दाणे टाकायचं तोंड, कडेला खुंट्याची खोबण. दोन हजार वर्षं वयाचं, असं पाटीवर लिहिलेलं. मावशीनं काचेला दोन्ही तळवे लावले. पहारेकरी लगबगीनं आला, पण तिचा चेहरा बघून दोन पावलांवर थांबला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग मला खाली वाकायला सांगून दाखवलं, खोबण एका बाजूनं जास्त झिजलीय. दोघी बसायच्या ह्याच्यावर, समोरासमोर. आन् एकीला जोर कमी व्हता, म्हणून दुसरी जास्त वढायची. सासू-सुना असतील, नायतर माय-लेकी.

मी पहारेकऱ्याला विचारलं, जरा हात लावता येईल का. त्यानं खरोखर वाईट वाटून मान हलवली. त्याच्याकडं चावी नव्हती आणि चावी असलेला माणूस शनिवारी येत नव्हता. मी त्याला सगळं सांगितलं, हॉल, फोटो, तीन वाजता. तो ऐकत राहिला, पण काच काचच राहिली.

मावशीनं माझ्या दंडाला धरून मला बाजूला केलं. "चला बाई. उशीर व्हईल."

"म्हणजे गाणार तुम्ही?"

"तिथं जाऊन तर बसू."

बाहेर आलो तर शहर नाहीसं झालं होतं. समुद्रावरून धुकं चढून आलं होतं, गार, ओलं, खारट. किल्ला गेला, घड्याळाचा मनोरा गेला, पुलाचं दुसरं टोक गेलं. आमच्या बसच्या थांब्याच्या खांबाला पिवळी टोपी घातलेली, म्हणजे थांबा बंद. दुसरा थांबा कुठं ते कागदावर लिहून चिकटवलेलं, पण त्या रस्त्याचं नाव मला माहीत नव्हतं. अडीच वाजायला आले होते. मी दोन बायकांना विचारलं, दोघीही आमच्यासारख्याच पाहुण्या निघाल्या. मला रडू फुटायचंच बाकी होतं.

मावशी मात्र ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मग तिनं चारी दिशांना तोंड फिरवून वारा कुठून येतो ते बघितलं आणि चालायला लागली. उताराचा रस्ता, त्याच्या टोकाला पाणी. उतार पायाला कळत होता, पाणी नाकाला. मी तिच्या मागं धावत होते. पांढरे बूट धुक्यात पुढं पुढं दिसत होते, वर नुसतं हिरवं काहीतरी. दहा मिनिटांनी मागून दोन पिवळे दिवे आले. मावशी फुटपाथच्या कडेला उभी राहिली आणि एसटीला दाखवतात तसा अख्खा हात आडवा केला. बावीस नंबर. तिनं मूठ उघडली. दोघींची नाणी मोजलेली, तळहाताच्या घामानं ओली झालेली.

आम्ही हॉलमध्ये शिरलो तेव्हा कोळणींचं गाणं संपत आलं होतं. गेडीसबाईंनी आम्हाला बघून छातीवर हात ठेवला. दीडशे माणसं असतील. मंचावर एक सतरंजी, तिच्यावर काही नाही.

मावशी मंचावर जाऊन बसली, एक पाय लांब, एक दुमडून, दळायला बसतात तशी. समोर रिकामी सतरंजी. हॉल शांत झाला. मी कडेला माइकपाशी उभी होते, तिच्या ओव्यांचा इंग्रजी अर्थ सांगायला. तिनं उजवा हात पुढं केला, हवेत धरला आणि तो हात थरथरायला लागला. तिनं माझ्याकडं बघितलं.

"बाई, म्होरं बसा."

मी गेले. समोर बसले, तिच्यासारखाच पाय लांब करून.

"मूठ द्या. अशी न्हाई, उभी. खुंट्यावानी."

माझी उभी मूठ तिच्या तळहातात गेली. तो तळवा मला आजही आठवतो, खरखरीत, गरम. तिनं फिरवायला सुरुवात केली. माझा खांदा दुखला, मनगट वळेना. "सैल सोडा," ती पुटपुटली. "मी वढते, तुमी या." दोन फेरे झाले. चार झाले. तिच्याकडून माझ्याकडं, माझ्याकडून तिच्याकडं. कुणी खोकलं. पाचव्या की सहाव्या फेऱ्याला माझ्या हाताला वजन लागलं. खरंच लागलं. तिथं काही नव्हतं आणि तरी आम्ही दोघी मिळून काहीतरी जड फिरवत होतो.

आणि तिचा आवाज आला. आधी बारीक, मग हॉल भरून. निळी मोटार, शंभर तिचा आकडा. दोन नळ आणि मधलं कोमट पाणी. तोफ. मी हात फिरवत फिरवतच, धापा टाकत इंग्रजीत अर्थ सांगत होते आणि हॉल हसत होता, टाळ्या वाजवत होता. ड्रायव्हर सुट्टे देत नाही या ओवीला तर एक म्हातारा उठून उभाच राहिला. गेडीसबाईंनी आपलं माहितीपत्रक ओळखलं आणि त्या रडत-हसत दोन्ही बाजूंच्या माणसांना सांगत सुटल्या. मग मावशीची लय हळू झाली. नवीन ओवी आली, मी कधी न ऐकलेली.

"समुद्राचं धुकं, आलं पायऱ्या चढून,
बंधू माझा उभा, घोंगडी गं पांघरून.

नाही दाणा नाही पीठ, परमुलखाचं दळण,
बंधुराया येतो, त्याच्या पायाला वळण."

तिचे डोळे मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं. मी अर्थ सांगायचं विसरले. कुणी मागितलाही नाही.

संध्याकाळी धुकं उठलं. गेडीसबाईंनी आम्हाला बंदरावर फिरून या म्हटलं, तिथले कागदात बांधलेले बटाट्याचे चिप्स खाल्ल्याशिवाय एडिंबरा पाहिलं असं होत नाही, म्हणाल्या. पाण्याकाठी बाकावर आम्ही बसलो. मावशीनं पिशवीतून लसणाची चटणी काढली आणि चिप्सवर भुरभुरली. दोन हंस आमच्याकडं बघत होते. ती खुशीत होती, पाय हलवत होती. आणि माझ्याच्यानं आता राहवेना.

"मावशी, जातं येणार नाही. ते विमानात चढलंच नव्हतं. वजन जास्त झालं, म्हणून मी ते मामाकडं ठेवलं. पार्ल्याला. तुम्हाला खोटं सांगितलं."

तिचे पाय थांबले. तिनं हातातला चिप्स परत कागदात ठेवला, कागदाची घडी घातली. माझ्याकडं बघितलं नाही.

"माझ्या आईचं जातं हाय ते."

मी माफी मागितली. पाण्यावर एक बोट येऊन लागली, माणसं उतरली, निघून गेली. मला वाटलं, आता ही बाई माझ्याशी आयुष्यात बोलणार नाही आणि ते बरोबरच आहे.

मग तिनं विचारलं, मामानं कुठं ठेवलंय. मी सांगितलं, देवघराशेजारी, कोरड्या जागी; काल फोनवर विचारून घेतलंय. वर काही ठेवलं न्हाई ना, तिनं विचारलं. नाही, म्हणाले. तिनं सुस्कारा टाकला. मग हंसांकडं बघत ती बोलली. त्या दिवसापर्यंत ती मला बाई आणि तुमीच म्हणत आली होती.

"मला भाऊ न्हाई, पोरी."

मी तिच्याकडं वळले.

"आठ दिसांचा व्हता. बारशाच्या आधीच गेला. नावसुदीक न्हाई त्याला. आई जात्यावर बसली का त्याला मोठं करायची. ओवीत तो रांगला, ओवीत त्याला मिसरूड फुटलं, ओवीत त्याचं लगीन झालं. घरात तिला त्यावरनं कुनी टोकायचं न्हाई. ती गेली तवा मी दुसरं काय बी मागितलं न्हाई, जातं तेवढं मागितलं. मला वाटायचं, तो त्या दगडातच ऱ्हातो." तिनं पदरानं तोंड पुसलं. "मगाशी हात थरथरत व्हता ना माझा, तो लोकांना भिऊन न्हाई. मला वाटलं, मी त्याला तिकडंच ठिवून आले, आन् आता त्यो येनार न्हाई. पन आला, तुझ्या मुठीला धरून."